एकच शिक्रा

अमरावतीच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला दर महिन्याला एक ताई येत. चाळिशीच्या, स्कार्फ घट्ट बांधलेला, चाल भरभर. फोटो काढताना जीभ दातांत धरायच्या. नाव मी कधी विचारलं नाही.

आमच्या कडुनिंबावर शिक्रा बसायचा. कबुतराएवढाच, पण पक्का शिकारी. शेजारच्या दोन कॉलन्यांतही शिक्रा दिसे. म्हणून आपल्या भागात तीन शिक्रे आहेत, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो. ताईंनाही सांगितलं.

त्या खळखळून हसल्या. "कायचे तीन, काकाजी! तिन्हीकडं फिरते ते एकच हाये. शेपटीचं एक पीस तुटेल हाये त्याचं. टाकीजवळ सरडे धरते, शाळेमांगं चिमण्या. माही फिरायची लाइन जेवढी, तेवढीच त्याची."

मी ओशाळलो. विषय बदलायला म्हणालो, "हा कडुनिंब तोडतोय या आठवड्यात. गाडीला शेड करायचीय. शिक्रा काय, फिरता पक्षी. बसेल कुठंही."

ताईंचं हसू मावळलं. "फिरा तं मलेबी लागते दिवसभर. म्हणून काय घर नाई लागत? वर पायलं काय कधी?"

नव्हतं पाहिलं. त्यांनी बोट दाखवलं. दाट पानांत काटक्यांचं घरटं होतं आणि त्यातून दोन पांढरी डोकी डोकावत होती.

झाड तोडणाऱ्याला मी लगेच फोन करून नको म्हटलं.

काही दिवसांनी एक पिल्लू धडपडत उडालं आणि थेट आमच्या गाडीच्या टपावर उतरलं. चांगले चार ओरखडे उमटले. बायको पॉलिश घेऊन आली. मी म्हटलं, "राहू दे."