पंख्याची वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

आमचं घर धुळ्यात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. घरातला जुना कॉम्प्युटर अडला की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मला ते आवडायचं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं. वैशाली आली — पिंपळनेरची, एम.एस्सी., गणितात हुशार. आमचे सासरे, आबा, आल्या-गेल्याला तिचंच कौतुक सांगायला लागले. मी त्या घरात बारा वर्षं होते. माझ्याबद्दल ते कधी कुणाला एक शब्द तरी बोलले होते का?

वैशालीने ऑनलाइन गणित शिकवायच्या नोकरीसाठी अर्ज केला. निवड जवळजवळ झालीच होती. फक्त घरूनच, कॅमेऱ्यासमोर अर्धा तास शिकवून दाखवायचं राहिलं होतं. नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बिघडला. दहा-पंधरा मिनिटं चालायचा, की खटकन बंद.

"अक्का, तुम्हीच बघा ना," ती म्हणाली.

आदल्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मी सीपीयूचं झाकण काढलं. आतला पंखा धुळीने गच्च. तो फिरेना, म्हणून मशीन तापायचं आणि बंद व्हायचं. एवढंच. ब्रशने धूळ काढली, तासभर चालवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही.

मग मी झाकण परत उघडलं — आणि पंख्याची बारीक वायर उपसून ठेवली.

रागात होते का? नाही हो. हात अगदी शांत होते. स्क्रूसुद्धा नीट आवळले. संध्याकाळी तिला म्हटलं, "झालं गं. निश्चिंत बस."

दुसऱ्या दिवशी नवव्या मिनिटाला पडदा काळा झाला. तिने परत सुरू केला — चार मिनिटांत पुन्हा बंद. मोबाईलवरून जोडायला गेली, पण शिकवायचं सगळं कॉम्प्युटरमध्ये अडकलेलं. मुलाखत घेणाऱ्या बाई "राहू द्या मॅडम" म्हणाल्या.

ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "अक्का, माझं काय चुकलं?"

मला माहीत होतं. मी म्हणाले, "काल माझ्यासमोर तासभर चालला. तू काय दाबलंस, तूच जाणे."

सासूबाई हसत म्हणाल्या, "माय, तू हात लावस आन ते बंद पडस!" सगळे हसले. मीही — सगळ्यांत मोठ्याने. ती रडायला लागली तेव्हा तिच्या पाठीवरून हातही फिरवला.

दोन दिवसांनी, सगळ्यांदेखत, मी कॉम्प्युटर "दुरुस्त" केला. आबा म्हणाले, "शेवटी मोठीच कामले उनी." मोठी सूनच कामाला आली, म्हणे.

त्यानंतर वैशालीने कुठेच अर्ज केला नाही. आपल्याला हे जमणारं नाही, असं तिनेच ठरवून टाकलं. मी एकदाही म्हटलं नाही, की कर.

गेल्या वर्षी शाळेत माझा सत्कार झाला. घरच्यांपैकी कुणीतरी बोला म्हणाले, तर वैशाली उठली. म्हणाली, "मी पार खचले होते, तेव्हा अक्कांनी मला सावरलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, गहिवरल्या. मला एवढंच वाटलं होतं — आता हिला कधीच कळणार नाही. आणि मी सुटकेचा श्वास सोडला होता.