वधूपित्याचे केस

बारामतीतल्या माझ्या सलूनमध्ये मी दिवसातून चार वेळा केर काढतो. केस निघून जातात, बोलणी मात्र खुर्चीखाली साठत राहतात. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक आरशाकडे बघून बोलतं, त्यामुळं जास्त खरं बोलतं. दुकान आवरताना मी त्यातलं दोन-चार ओळींत वहीत उतरवतो. अशा एकवीस वह्या झाल्या. त्या चाळताना लक्षात आलं, की सगळ्यात जास्त किस्से काटेवाडीच्या विलासरावांचे आहेत. तेही डोक्यावर जेमतेम कानापुरते केस असताना!

हे लिहायला त्यांनीच परवानगी दिली. म्हणाले, "लिव्हा दत्तूभाऊ. दुसरा कुनी इमानात बसायच्या आदी वाचंल तरी."

* * *

विलासरावांची काटेवाडीला रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, वांगी. वय अठ्ठेचाळीस. त्यांचे वडील आबा, वय ब्याऐंशी, आणि आबांच्या डोक्यावर एवढे दाट पांढरे केस की माझा कंगवा अडकतो. बाप-लेक महिन्यातून एकदा मिळून येतात. आबांना मला अर्धा तास लागतो, विलासरावांना पाच मिनिटं. उरलेली पंचवीस मिनिटं विलासराव पेपर वाचतात.

ज्येष्ठात विलासरावांच्या मुलीचा, पूजाचा, साखरपुडा झाला. फोटोवाला पुण्याचा होता, घरातलं कुणीच ओळखीचं नाही. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं, विलासरावांकडे हात केला आणि मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, तुम्ही मधे या!"

मग आबांकडे वळून, "काका, तुम्ही जरा बाजूला."

आबा आनंदानं बाजूला झाले! पुढच्याच आठवड्यात खुर्चीत बसून त्यांनी हा किस्सा तीनदा सांगितला, प्रत्येक वेळी नव्या गिऱ्हाइकाला.

विलासराव एकदाही हसले नाहीत. पेपरमागून म्हणाले, "लगीन पुढल्या वैशाखात हाय. तवर मी पोरीचा बाप दिसलो पायजे. बास."

* * *

श्रावणात त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. इस्तंबूलचं कुठलंसं क्लिनिक. विमानतळावर गाडी, हॉटेल, ऑपरेशन, सगळं एका पॅकेजात. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढायचे आणि पुढं लावायचे.

आमच्या शेजारी इकबालभाईंचं चपलांचं दुकान. सकाळचा चहा ते माझ्याकडेच घेतात. त्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरून बघितला.

"इलास, निमगाव केतकीचा मानूस तुझ्याकडं मिरचीचं रोप घ्यायला आला तर काय करतो?"

"ट्रे उलटा करतो, मूळ बगतो, बी कुठलं, पानी कुठलं, धा प्रश्न इचारतो."

"रुपायाचं रोप आनि धा प्रश्न! तू ह्या डॉक्टरला किती इचारलंस?"

शेवटी समोरच्या गल्लीतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनीच प्रश्न काढून दिले, औषधाच्या चिठ्ठीवर. सुरी कोण धरणार, डॉक्टर की त्याची माणसं? मला साखर आहे, तरी चालेल का? भूल कोण देणार? आणि घरी आल्यावर काही बिघडलं तर बघणार कोण?

विलासरावांनी चिठ्ठीचा फोटो काढून एजंटला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. एक लाल बदाम, दोन अंगठे आणि हॉटेलच्या स्विमिंग पूलचा फोटो!

विलासराव म्हणाले, "हॉटेल चांगलं दिसतंय."

* * *

गावात त्यांनी सांगितलं, शेतीच्या अभ्यास दौऱ्याला चाललोय. खरं माहीत होतं ते आबांना, पत्नी मंगलवहिनींना आणि सलूनला. म्हणजे अर्ध्या बारामतीला.

परत आल्यावर वरकुट्याच्या एका शेतकऱ्यानं माझ्या दुकानातच त्यांना विचारलं, "तिकडं लागवड कशी करत्यात वो?"

विलासराव टोपी सावरत म्हणाले, "दाट."

* * *

तिथं काय झालं ते त्यांनी मला हप्त्याहप्त्यानं सांगितलं.

डॉक्टर आले, ते दोन मिनिटं. निळ्या पेनानं कपाळावर रेघ मारली, हसले, गेले. पुन्हा दिसले नाहीत. मग तीन पोरी आणि एक दाढीवाला, असे चौघं जण सात तास डोक्यावर काम करत होते. मधे त्यांनी जेवणाची सुट्टी घेतली. विलासराव पालथेच.

"सही कशावर केली?" मी विचारलं.

"आठ पानं हुती. बोट ठेवलं तितं केली."

"वाचलं नाही?"

"दत्तूभाऊ, मला इंग्रजी वाचाय येत न्हाय, आनि ते इंग्रजी नव्हतंच!"

इकबालभाई दारातून म्हणाले, "साखरेचं सांगितलंस का त्यास्नी?"

"सांगितलं की. 'शुगर, शुगर' म्हनलो."

"मग?"

"चहात घालून दिली."

* * *

तिसऱ्या दिवशी परतीचं विमान. तोवर कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली होती. पासपोर्ट तपासणाऱ्यानं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा विलासरावांकडे. पुन्हा फोटोकडे. फोटोत टक्कलवाला माणूस, समोर भोपळा.

विलासरावांनी टोपी आणखी खाली ओढली. आता ह्याला काय सांगायचं, आणि कुठल्या भाषेत?

त्या साहेबानं बोटानं टोपी वर करायला सांगितलं. खालचे लाल ठिपके बघितले, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. पुढचाही तसाच होता! विमानात चढल्यावर विलासरावांनी मोजली, त्यांच्या आसपासच बँडेजवाली अकरा डोकी.

"मला वाटलं, लई मोठं गुपित घिऊन चाललोय," ते म्हणाले. "हितं तर निम्मं इमान त्याच धंद्याला आलतं."

* * *

ही नोंद मी हसत लिहिलेली नाही.

परत येऊन बारा दिवस झाले होते. विलासराव माकडटोपी घालून आले, भादव्याच्या उन्हात. "मागं जरा खाजतंय, बगा." टोपी काढली आणि मला आधी वास आला. मग दिसलं. डोक्याची मागची बाजू सुजलेली, पिवळी, गरम. हात न लावताच ऊब कळत होती. मी एकोणतीस वर्षं डोकी बघतोय. मला ते डोकं अजिबात आवडलं नाही.

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून मी त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "तिथं कोणती औषधं दिली? कागद दाखवा." विलासरावांनी खिशातून घडी काढली. अक्षरं इंग्रजीसारखी, शब्द कुणालाच लागेनात.

विलासराव तापानं फणफणलेले, तशातही मागून आलेल्या इकबालभाईंना म्हणाले, "तुमी वाचा की."

"मी? का बरं? मी बारामतीचा हाय! मला मराठी येतं आनि चपलांचे नंबर."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. साखर तिप्पट झाली होती. आठ दिवस सलाईन लागलं. दुसऱ्यानं केलेली जखम, काय टोचलंय ते माहीत नाही, अशा अंधारात त्यांना सगळं करावं लागलं. मंगलवहिनींना बाहेर नेऊन त्या म्हणाल्या, "अजून दोन दिवस घरी बसले असते, तर केसांचं सोडा, माणसाचं अवघड होतं."

विलासरावांनी दवाखान्यातूनच एजंटला जखमेचे फोटो पाठवले. उत्तर आलं: अभिनंदन! आमच्या सेवेला पाच तारे द्या!

* * *

जखम भरली. मागच्या बाजूला तळहाताएवढा चट्टा राहिला, तिथं आता कधीच काही उगवणार नाही. पुढं मात्र दिवाळीनंतर लव दिसायला लागली. आबांनी मुलाला खुर्चीत बसवून चारी बाजूंनी बघितलं आणि निकाल दिला, "म्होरं पीक, मागं पड."

सोबत डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, वर्षभर या डोक्याला वस्तरा लावायचा नाही.

हे ऐकल्यावर आबा बोटांवर महिने मोजायला लागले. मला कळेना. मग म्हणाले, "दत्ता, इलास माझा एकुलता एक. मी गेलो तर धाव्याला त्येचं डोकं करावं लागनार. व्हय का न्हाय?"

"आबा, असं काय बोलता?"

"म्हंजी मला वरीसभर मरता येत न्हाय," आबा म्हणाले. "बरं. थांबतो."

* * *

माघात मंगलवहिनी लग्नाच्या याद्या करत बसल्या होत्या. रविवार होता. मी आबांची दाढी करायला घरी गेलो होतो. इकबालभाईही पाहुण्यांच्या चपलांची ऑर्डर घ्यायला आलेले.

वहिनी वाचत होत्या, "हार पंचवीस. टोप्या शंभर. फेटे एकवीस. नावं सांगा. पहिला फेटा वधूपि..."

आणि थांबल्या.

विलासराव आरशासमोर पुढचे केस विंचरत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

इकबालभाईंनी सावकाश विचारलं, "इलास, लग्नात पोरीचा बाप डोक्याला फेटा बांधतो ना रं?"

बाहेर गाय तेवढी हंबरली.

"म्हंजी इस्तंबूलला जायाच्या ऐवजी," इकबालभाई म्हणाले, "साखरपुड्यालाच एक फेटा बांधला असता तर?"

त्या दिवशी विलासरावांनी त्यांना चहा दिला नाही.

* * *

फाल्गुनात आबांना न्यूमोनिया झाला. आता विलासरावांची रात्रंदिवस दवाखान्यात बसायची पाळी. संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी आणि इकबालभाई गेलो. आबांच्या नाकाला नळी. डोळे उघडले की मुलाच्या डोक्याकडे बघायचे आणि बोटं मोजायचे. फाल्गुन, चैत्र, वैशाख...

विलासरावांना ते बघवेना. त्यांनी आबांचा हात घट्ट धरला आणि रडत म्हणाले, "आबा, केसांचं मरू द्या! माझ्या केसांसाठी तुमी थांबू नगा!"

आबांनी नळी बाजूला केली.

"म्हंजी जाऊ म्हनतोस?"

"न्हाय, न्हाय आबा! तसं न्हाय!"

"नीट सांग की मग. जीव वर-खाली करतोय हितं."

नर्सनं तिघांनाही बाहेर काढलं. चौथ्या दिवशी आबा उठून बसले आणि पिठलं मागितलं.

* * *

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आबा एकटेच एसटीनं आले. दाराशी काठी टेकवली, खुर्चीत बसले. मी नेहमीप्रमाणं कंगवा घेतला.

"कंगवा ठेव. वस्तरा घे. तुळतुळीत कर."

मला वाटलं, आजारानं काही झालंय. "आबा, उद्या लग्न हाय! असं डोकं बघून लोक इचारतील, कोन गेलं म्हनून."

"सांगायचं, म्हाताराच गेलता. तितली हवा मानवली न्हाय, म्हनून परत आला."

"पण कशाला, आबा?"

"उन्हाळा लई हाय."

मी पाणी लावलं. वस्तरा सावकाश चालवला. पांढऱ्या बटा चादरीवरून घसरून खाली पडत होत्या. आबा आरशात एकटक बघत होते आणि मधेमधे डोकं वळवून, मागून कसं दिसतंय, तेही बघत होते. झाल्यावर हात फिरवून म्हणाले, "ब्येस."

दुसऱ्या दिवशी मांडवात फेटेवाला आला. पहिला फेटा वधूपित्याचा. विलासरावांनी मान खाली केली. आबा मधे आले.

"त्याला नगं. त्येचं डोकं मोकळं ऱ्हाऊ दे."

"मग आबा, तुम्हाला बांधतो."

"मलाबी नगं."

वहिनी काहीतरी म्हणायला पुढं झाल्या आणि थांबल्या. सनई चालू होती. स्टेजवर सगळे रांगेत उभे राहिले. विलासरावांच्या कपाळावर चार-दोन बोटं काळे केस, वाऱ्यानं हलत होते. शेजारी आबांचं डोकं दुपारच्या उन्हात पितळेच्या तांब्यासारखं चमकत होतं.

तोच पुण्याचा फोटोवाला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"आजोबा," तो मोठ्यानं म्हणाला, "तुम्ही मधे या!"

"आलो, आलो!" म्हणत आबा निघाले. काठी तिथंच राहिली.