वरच्या वाडीचा बंद रस्ता

नोटबुर्गा काथराइनचं चीज सगळ्या खोऱ्याला आवडायचं, तिचं ‘नाही’ मात्र कुणाच्या पचनी पडत नसे. आल्प्सच्या डोंगरांतल्या, टिरोलमधल्या त्या गावात उतारावरच्या बर्फाचा अंदाज घेऊन रस्ता बंद करायचा की चालू, हे ठरवणाऱ्या समितीची ती प्रमुख होती. पगार शून्य, बोलणी भरपूर. रस्ता बंद ठेवला आणि बर्फाचा लोट आलाच नाही, की लोक हसायला मोकळे.

मार्चच्या सुरुवातीला वरच्या वाडीत, तिच्याच घरी, तिची आई गेली. दफनभूमी खाली चर्चपाशी, आणि मधला रस्ता बर्फाने भरलेल्या घळीखालून. नोटबुर्गाने बाजूच्या सौम्य उतारावर छातीएवढा खड्डा खणला. वर वाऱ्याने थापून बसवलेला कडक थर, खाली साखरेसारखे सुटे दाणे. खड्ड्याच्या काठावर फावडं आडवं ठेवून त्यावर चार थापा मारल्या, तर वरचा थर अख्खा सरकून तिच्या पायाशी आला. समितीतले खालच्या गावातले दोघे फोनवर म्हणाले, “आई तुझी आहे. तू म्हणशील तसं.” तिने रस्ता बंद ठेवला.

रस्ता उघडेपर्यंत थांबायच्या जुन्या रिवाजाप्रमाणे शवपेटी घराच्या थंड माळ्यावर नेली. धाकटा भाऊ लुइस भडकला.

“एवढासा तर रस्ता, बुर्गा. भराभर पाय उचलले की झालं. लोकांना अडवतेस ते अडव, आपल्या आईला तरी सोड.”

“तिला सोडलंच असतं रे.”

“मग? ती काय पुन्हा मरणार आहे?”

“ती नाही. खांदेकरी मरतील. सगळ्यात पुढे तू असशील.”

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. आठवडाभर ऊन पडलं, रात्री गोठवणाऱ्या गेल्या, बर्फ हळूहळू बसत गेला. तिने पुन्हा खणलं, पुन्हा थापा मारल्या. काही हललं नाही. तिने रस्ता उघडला आणि आईला खाली नेलं. वाटेत प्रत्येकाने एकदा मान वर करून पाहिलं. घळ होती तशीच भरलेली होती.

माती टाकून झाल्यावर लुइस जवळ आला.

“आठवडाभर आई माळ्यावर. पडलं का काही?”

“नाही.”

एवढं म्हणताना तिला स्वतःची लाज वाटली. कारण त्या आठवड्यात आईसाठी म्हणून ती रोज गुडघे टेकायची, आणि देवाकडे मागायची ते एवढंच: रिकाम्या रस्त्यावर एकदा लोट येऊ दे, लुइसच्या डोळ्यांदेखत.