आमचा कुत्रा चावरा नव्हता

आमच्या घरात गेली वीसेक वर्षं सगळे असं मानून होते की आमचा तांबडा कुत्रा चावरा होता, म्हणून त्याला घालवावं लागलं. ही माहिती मीच पुरवली होती. आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं. खोटं सरळ वाक्यात मांडायचा सराव होताच.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मिळेल त्या इमारतीत कार्यालयं थाटली होती. धीर कुणालाच नव्हता. काल ज्याला धड खुर्ची नव्हती त्याला आज केबिन हवी होती, केबिनवाल्याला गाडी आणि गाडीवाल्याला टपावर दिवा. मी त्यातला संत. मला फक्त बढती हवी होती, तीही रायपूर न सोडता. अशा शहरात मी कुत्र्याला संयम शिकवायला बसलो.

कुत्रा आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गल्लीच्या टोकाला जन्मलेला. ताट दिसलं की झेप. मी एका पुस्तकात वाचून सुरुवात केली. मुठीत पोळीचा तुकडा धरून "थांब" म्हणायचं. तो चाटतो, पंजा मारतो, कुरकुरतो. मूठ उघडायची नाही. कंटाळून त्यानं तोंड मागे घेतलं की लगेच मूठ उघडायची आणि "घे" म्हणायचं. पुढे तुकडा उघड्या तळहातावर, मग जमिनीवरच्या ताटलीत, आणि दर वेळी थोडं जास्त थांबवायचं.

"काहून त्या मुक्या जिवाले तरसवून राहिले तुमी?" बायको विचारायची. मग माझं व्याख्यान. हे तरसवणं नाही. शब्द पाळला जाईल या भरवशावर तो थांबतो. थांबवणाऱ्यानं एकदा जरी फसवलं तर सगळं शिक्षण वाया. शाळकरी मुलीला हे व्याख्यान पाठ झालं होतं. ती एरवी मराठीला हिंदीत उत्तर द्यायची, पण कुत्र्याशी मराठीत बोलायची, कारण त्याला तेवढंच येत होतं. काही आठवड्यांत तो लाळ गाळत, पण पुतळ्यासारखा, ताटलीकडे न बघता आमच्या तोंडाकडे बघत बसू लागला. आमच्या कार्यालयात इतकी शिस्त कुणालाच नव्हती.

म्हणून साहेबांना जेवायला बोलावलं तेव्हा मी कुत्राही वाढला. साहेब भोपाळहून आलेले, बढती त्यांच्या हातात. जेवणानंतर मी त्यांच्या हाती मटणाचा तुकडा दिला आणि दोन्ही शब्द शिकवले. साहेब "थांब" म्हणाले, कुत्रा बसला. "घे" म्हणाले, त्यानं मान पुढे केली आणि साहेबांनी हात मागे घेतला. "क्या सब्र है!" म्हणून हसले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दर वेळी कुत्रा माझ्याकडे बघायचा.

मुलगी म्हणाली, "बाबा, ते फसवून राहिले त्याले."

मी तिला गप्प केलं आणि साहेबांपेक्षा मोठ्यानं हसलो. पुढच्या "घे"ला कुत्र्यानं तुकडा घेतला, मागे जाणाऱ्या बोटासकट. थोडं रक्त आलं. मी साहेबांसमोर त्याला चपलेनं झोडपलं, कारण बढतीच्या अर्जाला काहीतरी जोडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत असताना मी त्याला ओळखीच्या टेम्पोतून शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात राखणीला पाठवलं. ती घरी आल्यावर सांगितलं, त्यानं सकाळी शेजारच्या मुलाचाही चावा घेतला. हे खोटं साहेबांनी मागितलंसुद्धा नव्हतं. मी वरकड दिलं. तिनं दप्तर ठेवलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याचं नाव काढलं नाही. बढती झाली. काही दिवसांनी निरोप आला की कुत्रा फाटकातून निघून गेला. मी शोधायला गेलो नाही. सिलतरा फार लांब, स्कूटरवर जेमतेम अर्धा तास.

मुलगी आता नवा रायपूरमध्ये राहते. मागच्या महिन्यात नातीनं कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरला. मुलगी मटार सोलत म्हणाली, "कुत्तों का भरोसा नहीं, बेटा. हमारे वाले ने पड़ोस के बच्चे को काटा था. पूछ लो नाना से."

नात माझ्याकडे वळली. मी मुलीला म्हणालो, "तो कुणाच्याच मुलाला चावला नाही. ते मी बनवून सांगितलं होतं."

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "साहेबाचं मले माहीत होतं, मी तिथंच होती. कुत्र्यासाठी मी भांडणार होती तुमच्याशी. शेजारच्या पोट्ट्याचं ऐकलं अन् गप्प बसली. मले वाटलं, तो खरंच खराब निघाला."



"क्या बोल रहे हो नाना?" नातीनं विचारलं. तिला मराठी अर्धीच समजते.

"सांगा तिले," मुलगी म्हणाली. "तिले समजंल असं सांगा."

मी सुरुवात केली, "बेटा, कुत्ते की गलती नहीं थी."

"फिर किसकी थी?"

मी मुलीकडे बघितलं. तिनं पुढची शेंग उचलली होती आणि मान वर केली नाही.