नानासाहेबांची विलायत

नानासाहेबांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. भांडणारा अर्थात मी एकटाच होतो. राळेगावच्या शाळेत ते रंगीत विलायत दाखवत होते. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा इंग्रज मॅनेजर मायदेशी परतताना आपली जुनी प्रवासाची फिल्म आणि हातानं फिरवायचं यंत्र या चित्रकलेच्या मास्तरांना देऊन गेला होता. पडद्यावर लंडनचा पूल आला तसा मी उठून ओरडलो, "साहेब गेले ना देशातून? मंग त्यायचे पूल कायले दाखवून राह्यले?"

नानासाहेबांचा हात थांबला नाही. म्हणाले, "पूल गवंड्यायनं बांधला, बाबू. पाहून घे, मंग भांड. मी कुठी पळून नाही चाललो."

मागून कोणी म्हणालं, "बसतं का आता, का तूच पडदा होतं?" मी बसलो.

फिल्म मुकी, म्हणून तेच बोलत. पण ठाऊक नसलेलं कधी सांगत नसत. एका तांड्यावर रस्त्यानं चाललेली विलायती गुरं पाहून एका म्हातारीनं विचारलं, "रातचा मुक्काम कुठी करतेत हे?" नानासाहेब म्हणाले, "मले नाही माहीत, आजी. थांबा, पुन्हा पाहू." त्यांनी फिल्म उलटी गुंडाळली आणि साऱ्या तांड्यानं मिळून मुक्कामाची जागा शोधली. सापडली नाही. तरी सगळे खुशीत घरी गेले.

मी तेव्हा अमरावतीचं कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेलो. कारण दिग्रसला होतं. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिचे वडीलही नानासाहेबांचा हा गौरवग्रंथ वाचतील. ते कापसाचे व्यापारी. त्यांनी लग्नाला नकार कळवला त्या दुपारी मी बाजारात जाऊन त्यांना चारचौघांत सुनावणार होतो. वाटेत नानासाहेबांचं घर. ते फिल्म जोडत बसले होते. मला त्यांनी एक तुकडा उजेडात धरायला लावला. त्या फिल्ममध्ये एक चित्र लाल काचेतून घेतलेलं, पुढचं हिरव्या. उभा मनोरा दोन्हींत जागचा हलत नाही, म्हणून त्याचा रंग जुळतो. धावणाऱ्या माणसाला मात्र पडद्यावर एकीकडे लाल कड सुटते, दुसरीकडे हिरवी.

"आज गेला त तू असाच दिसशीन," ते म्हणाले. "चाल, मी येतो. तू बोलायचं नाही."

शेठजींनी ओसरीवर चहा दिला आणि सुरुवात केली. "मास्तर, कॉलेज सोडलं यानं. धंदा नाही. मागं माह्या मुनिमाच्या अंगावर धावला!" मी बाजेची कड घट्ट धरून बसलो. बोलणं तासभर चाललं असेल, निदान मला तसं वाटलं.

नानासाहेबांनी शांतपणे विचारलं, "आज धावला का?"

शेठजी माझ्याकडे बघत राहिले. "नाही," म्हणाले. "पदवी घेऊ दे, मंग बोलू. पण मास्तर, तुमी सोबत या. एकट्याशी मी बोलत नसतो."

येत्या जूनमध्ये मी पुन्हा कॉलेजात जातो आहे. नानासाहेबांनी साठी पूर्ण केली. त्यांचे गुडघे दुखतात, तरी अजून सायकलनं यंत्र घेऊन गावोगाव जातात. त्यांनी आता एस.टी.नं जावं, रात्री वेळेवर जेवावं. त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभावं, ही साऱ्यांची इच्छा. त्यांतली माझ्या पदवीपर्यंतची पुढची दोन तर मी हात जोडून मागतो. शेठजींच्या ओसरीवर मला एकट्यानं चढता येणार नाही.