दादीच्या तसबीहमधली मुंगी

सकाळपासून लिहीन लिहीन म्हणतोय, पण आधी चहा झाला, मग पतंग, मग झोप. आता लिहितोच.

निघालो होतो सिल्लोडला. वाटेत दोस्त अस्लमकडं पाणी प्यायला थांबलो, तर त्याची दादी रुसून बसलेली. तिच्या माहेरच्या तसबीहचे, जपाच्या माळेचे, मणी कहरुबाचे, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी झाडातून गळून दगड झालेल्या डिंकाचे. एका मण्यात तर अख्खी मुंगी. नातीला लग्नात तीच द्यायची होती. पण मोठी जाऊ चारचौघींत बोलली, "पिलास्टिक है."

मी म्हणलं, "दादी, मीठ आणा." व्हिडिओत पाहिलं होतं, घट्ट खाऱ्या पाण्यात खरा कहरुबा तरंगतो. आधी शर्टाचं प्लास्टिकचं बटण टाकलं, ते बुडालं. मग दादीनं बिस्मिल्ला म्हणून तसबीह सोडली आणि डोळेच मिटले.

तरंगली.

"दादी, ही मुंगी माणसाच्याही आधीची."

दादी लई हसली. "मतलब घर में मेरे से बी बुजुर्ग है कोई."

सिल्लोड राहिलं ते राहिलंच, अजून अस्लमकडंच आहे. तुमच्या घरात सगळ्यात जुनं काय आहे, सांगा बरं.

हे लिहितोय तोवर दारात दादीची तीच मोठी जाऊ. ओढणीखाली स्वतःची तसबीह. "बेटा, किसीकू बोलना नको. मेरी बी डुबा के देख."