अकराव्या फेरीचा रिकामा चौकोन आणि कोळवणचा रस्ता

कोळवणला जायचं ठरवायला मला चाळीस वर्षं लागली आणि प्रत्यक्ष पोहोचायला जेमतेम दोन तास. बावधनच्या आमच्या बाल्कनीतून पश्चिमेचे डोंगर दिसतात, त्यांच्यामागे ते गाव. पण ज्या माणसाला तोंड दाखवायची हिंमत नाही तो तिथेच राहतो असं कळलं, की तेवढं अंतरही पुष्कळ होतं.

हे कळलं मुलाकडून. त्याच्या ऑफिसातल्या कुणाचंसं कोळवणला फार्महाऊस आहे. तिथून आल्यावर म्हणाला, "बाबा, शेजारी एक कानडे म्हणून आजोबा आहेत. मद्रासला मोटरसायकलच्या शर्यती खेळायचे. सत्तावीस नंबरची गाडी अजून शेडमध्ये ठेवलीये."

माझ्या हातातला चहा तसाच निवला. त्या सत्तावीस नंबरच्या फेऱ्या मीच मोजल्या होत्या.

आजच्या मुलांना दिल्लीजवळ होणाऱ्या नव्या सर्किटचं कौतुक आहे. आमच्या वेळी सर्किट म्हणजे शोलावरम. मद्रासच्या उत्तरेला, महायुद्धात विमानांसाठी बांधलेली काँक्रीटची धावपट्टी. युद्ध संपलं, विमानं गेली आणि हौशी लोकांनी तिथे मोटारी न् मोटरसायकली पळवायला सुरुवात केली. वळण हवं तिथे रिकामे ड्रम ठेवायचे, पेंढ्याच्या गासड्या रचायच्या, की झालं सर्किट! माणसं लोटायची नुसती. मी तेव्हा नोकरीसाठी मद्रासला होतो. खोलीतल्या मित्राबरोबर हौसेने गेलो, तर तंबूत बसवून माझ्या हाती कागद-पेन्सिल दिली गेली. सगळ्यात पुढे असलेल्या गाडीची फेरी झाली की एक नवा चौकोन. त्या फेरीत आपली गाडी समोरून गेली की त्यात खूण. "तू पूनाचा ना? मग पूनावाल्याची गाडी तुझी," एवढ्यावर कानडे माझ्या वाट्याला आले.

आता माझा गुन्हा. शाळेपासून मला कवितेचं वेड. त्या दिवशी लांबून येणाऱ्या इंजिनांचा ठेका ऐकता ऐकता मला चक्क भुजंगप्रयात ऐकू येऊ लागला. लगागा लगागा लगागा लगागा! पाठ्यपुस्तकातल्या ओळी मी त्यावर बसवत होतो. भानावर आलो तेव्हा दहाव्यात खूण, बाराव्यात खूण आणि अकरावा चौकोन रिकामा. तिसरे आलेले कानडे एका फेरीने कमी भरले, तिसऱ्या नंबरची ढाल दुसऱ्यालाच गेली. त्यांनी तक्रार केली. शर्यतीच्या साहेबांनी मला विचारलं, "लक्ष होतं ना?" मी म्हटलं, "होतं."

नव्हतं. त्यानंतर मी मोठ्याने कविता म्हटली नाही. ओठांवर आली की तो रिकामा चौकोन दिसायचा. पुढे श्रीपेरुंबुदूरकडे शर्यतींसाठी खास रस्ता बांधला गेला, शोलावरम सुनं पडलं. माझा चौकोन मात्र होता तिथेच राहिला. कागदाची कार्बन प्रत शाळेच्या कवितांच्या पुस्तकात जपून ठेवली होती. तीच खिशात घालून दिवाळीनंतरच्या एका सकाळी निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. चांदणी चौकात पौडकडे जाणारी एसटी मिळते. लवकर निघा, उशीर केलात तर पिरंगुटपर्यंत उभं राहावं लागतं. भूगाव, भुकूम पाहता पाहता शहर होऊ लागलेत. पिरंगुटचा घाट ओलांडला की जीव मोकळा होतो. पौडला मिसळ खा, तिखट झेपत असेल तरच. मी निम्मी टाकली, पण दोष मिसळीचा नव्हता, लक्ष खिशातल्या कागदाकडे होतं. पौडहून कोळवणला जीप जातात. सीट भरल्याशिवाय हलत नाहीत, तेव्हा घड्याळ घरी ठेवून या.

माझ्या जीपचे चालक बबनराव. मागे एक गॅसचं सिलिंडर आडवं टाकलेलं.

"कानडे बाबांकडं व्हय? बसा म्होरं. ह्यो सिलिंडर त्यांचाच हाय. पावणं का तुमी?"

"जुनी ओळख आहे."

"मंग मद्रासची गोष्ट ठावं आसंल! त्यो मोजनारा झोपला न् बाबांची ढाल गेली. आमच्या हितं पोरासोरांना पाठ हाय."

"झोपला होता?"

"झोपला म्हंजे? घोरत हुता, घोरत!"

"घोरत नव्हता हो," माझ्या तोंडून गेलंच.

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला. खिडकीबाहेर भाताची कापणी चालली होती. खळ्याखळ्यावर पेंढा रचलेला, त्याचा तो उबदार वास. एरवी मी हरखून गेलो असतो. त्या दिवशी प्रत्येक गंजी मला शोलावरमच्या वळणावरची गासडी वाटत होती.

कानडे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वाळलेला देह, जाड चष्मा, गुडघ्याला पट्टा. बबनरावांनी सिलिंडर आत ठेवलं आणि चहासाठी पायरीवर टेकले. मी एसटीत जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो, खिशातला कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांचं बोट अकराव्या चौकोनावर थांबलं. "हा तुमच्याकडे कसा?"

"मीच लिहिलाय. मी पेठे. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. मी कविता म्हणत होतो, आणि साहेबांना खोटं सांगितलं. तुमची ढाल माझ्यामुळे गेली."

बबनरावांची बशी ओठांपाशीच थांबली. कानड्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "बबन, तुला काही काम नाही का रे?"

"न्हाई बाबा. आज तर मुळीच न्हाई."

"मग तूही ऐक." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "पेठे, अकराव्या फेरीत मी तुमच्यासमोरून गेलोच नाही. मी गवतात होतो."

"कुठे?"

"लांबच्या वळणावर. ब्रेक उशिरा दाबला, शिरलो सरळ गासडीत. लागलं काही नाही, पण गाडी बंद आणि चष्मा पेंढ्यात. रांगत शोधत होतो हो! धक्का मारून गाडी चालू करेपर्यंत सगळे एक फेरी मारून गेले."

"मग तक्रार कशी केलीत?"

"वाटलं, त्या टोकाचं इथे कुणाला दिसतंय? आणि आधीच्या फेरीत मी पाहिलं होतं, मोजणारा पोरगा आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटत होता. म्हटलं, हा काही छातीठोकपणे बोलायचा नाही. तर तुम्ही ठामपणे 'होतं' म्हणालात! तेव्हापासून मला धाकधूक, याला सगळं माहीत आहे आणि हा एक दिवस येऊन सांगणार. म्हणून तर गोष्टीत तुम्हाला झोपवून टाकलं."

मी बबनरावांशेजारी पायरीवर बसलो. मी खोटं बोललो होतो आणि रिकामा चौकोन मात्र खरा होता!

"म्हंजे बाबा," बबनराव म्हणाले, "इतकी वरसं आमी त्या मोजनाऱ्याला शिव्या घातल्या, त्या फुकटच?"

"आता मला घाल."

"तुमाला कश्या घालू? सिलिंडर आनायचं भाडं बुडंल."

कानडे आधी हसले, मग मी, आणि मग आम्ही दोघं म्हातारे डोळे पुसत बसलो.

जेवायला नव्या इंद्रायणीचा मऊ भात, पिठलं आणि ठेचा. सकाळची अर्धी मिसळ मी इथे भरून काढली. दुपारी बबनरावांनी शेडमधली ताडपत्री ओढली आणि आठदहा लाथांनंतर सत्तावीस नंबर धडधडू लागली. तोच ठेका. कानडे कानाशी ओरडले, "म्हणा की पेठे! आज कुणी मोजत नाहीये." मी कविता म्हटली. आवाज चिरका, मधलं एक कडवं गायब. कोंबड्या पळाल्या, बबनराव मात्र जीपचा पत्रा वाजवत राहिले.

कागद मी तिथेच ठेवून आलो. कानड्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि अकराव्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, 'गवतात'.

परतीची शेवटची जीप पाचच्या सुमारास असते, ती चुकवू नका. मला बबनरावांनी पौडपर्यंत सोडलं आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. एसटीत खिडकीची जागा मिळाली. चांदणी चौकापर्यंत मी डोळे मिटून होतो, झोप नव्हती तरी.

घरी आलो तर बायको म्हणाली, "आलात? दुधाकडे बघा जरा, मी खालून भाजी घेऊन येते." मी गॅसपाशी उभा राहिलो. ते हरवलेलं कडवं नेमकं तेव्हाच सापडलं. मोठ्याने म्हटलं, पुन्हा म्हटलं. दारात ती पिशवी घेऊन उभी. "किती वर्षांनी!" म्हणाली, आणि मग तिची नजर माझ्या मागे गेली.

"अहो, दूध! लक्ष कुठे होतं तुमचं?"

"नव्हतं," मी म्हटलं आणि ओटा पुसायला फडकं शोधू लागलो.